युद्धपटाचा नकाशा मोठा करणे आणि सोंगट्या स्वतः घडवणे : मार्गदर्शन हवे आहे

दादरचा खेळगडी (मूळ प्रश्न)

नमस्कार. आम्ही पाच मित्र गेली सहा वर्षे एक रविवार सोडून एक रविवार दादरला माझ्या घरी 'ॲक्सिस अँड अलाइज' हा दुसऱ्या महायुद्धावरचा पटावरील खेळ खेळतो. लॅरी हॅरिस यांनी रचलेला हा खेळ प्रथम १९८१ साली नोव्हा गेम डिझाइन्सने आणि नंतर १९८४ साली मिल्टन ब्रॅडलीने बाजारात आणला. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या, आणि आमच्याकडे त्यांपैकी एका अलीकडच्या आवृत्तीचा पट आहे. मी मोजला तेव्हा तो ४० इंच लांब आणि २६ इंच रुंद भरला.

अडचण अशी आहे की चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत जर्मनीपासून कॉकेशसपर्यंतचा सगळा पट्टा सोंगट्यांनी इतका भरून जातो की कोणता रणगाडा युक्रेनमध्ये आहे आणि कोणता शेजारच्या प्रदेशात, हे सांगता येत नाही. सोंगट्यांखाली संख्या दाखवणाऱ्या चकत्या ठेवण्याची सोय खेळात आहेच. परंतु चकत्यांचा मनोरा उंच झाला की हाताच्या ओझरत्या धक्क्यानेही तो कोसळतो आणि मग किती पायदळ होते यावर अर्धा तास चर्चा होते. ब्रिटनभोवतीच्या समुद्रात आरमार जमले की तीच गत होते.

दुसरी अडचण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. आमच्यातील एका मित्राला तांबडा आणि हिरवा रंग वेगळे ओळखता येत नाहीत. रशियाच्या तपकिरी-तांबड्या आणि अमेरिकेच्या हिरव्या सोंगट्या ट्यूबलाइटच्या उजेडात त्याला सारख्याच दिसतात. तो कधी तक्रार करत नाही, पण प्रत्येक चालीला त्याला दुसऱ्याला विचारावे लागते आणि विचारताच त्याचा बेत सगळ्यांना कळतो. सहा वर्षे आम्ही हे चालवून घेतले, ते आता थांबवायचे आहे.

माझा विचार असा होता की नकाशा दुप्पट आकारात फ्लेक्सवर छापून घ्यावा आणि त्या प्रमाणात सोंगट्याही दीडपट-दुप्पट मोठ्या, थ्रीडी प्रिंटरवर काढून घ्याव्यात. त्यासाठी मी पट ए३ आकाराच्या तुकड्यांत स्कॅन करून घेतला, देशांची नावे मराठीत टाकली आणि एका दुकानातून युरोपचा भाग नमुन्यादाखल छापून आणला. त्यात समुद्राच्या निळ्या रंगावर जाळीसारखे विचित्र पट्टे उमटले आणि 'युक्रेन', 'ब्रिटन' अशा शब्दांतील जोडाक्षरे फुटून वेगवेगळी छापली गेली. आमचे जेवणाचे टेबल साडेचार फूट बाय तीन फूट आहे, हेही सांगून ठेवतो. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

गिरगावचा मुद्रक

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण छपाईच्या कामात चाळीस वर्षे काढल्यावर लग्नपत्रिका आणि हिशेबाच्या वह्यांपलीकडचे काही विचारणारा माणूस फार क्वचित भेटतो. जाळीचे आणि फुटलेल्या अक्षरांचे कारण पुढे सांगतो, पण त्याआधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक वाटते. नकाशा दुप्पट आणि सोंगट्याही दुप्पट केल्या तर गर्दी जिथे होती तिथेच राहील. आपण केवळ तेच चित्र जवळून पाहाल आणि टेबल मात्र नवे घ्यावे लागेल, कारण ८० इंच बाय ५२ इंच म्हणजे सहा फूट आठ इंच बाय चार फूट चार इंच. एवढ्या पटाच्या मध्यापर्यंत बसून हात पोहोचवणे अवघडच आहे.

म्हणून छपाईच्या आधी मोजणी करावी. सर्वांत जास्त गर्दीचा जो प्रदेश असेल, त्यात आजवर झालेली मोठ्यात मोठी फौज एका कोऱ्या कागदावर, एकमेकींना न चिकटवता, मोकळी मांडावी. तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी आणि त्या जागेचे क्षेत्रफळ पटावरच्या प्रदेशाच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहावे. फौजेला दुप्पट जागा लागत असेल तर नकाशाची लांबी-रुंदी दुप्पट करावी लागत नाही, दोनच्या वर्गमुळाइतकी म्हणजे साधारण १.४१ पट करावी लागते. ए३ वरून ए२ वर जाताना कागद जेवढा वाढतो तेवढीच ही वाढ आहे. चौपट जागा लागत असेल तरच लांबी दुप्पट होईल. सोंगट्यांचा आकार मात्र आहे तेवढाच ठेवावा, जमल्यास त्यांची बैठक थोडी लहानच करावी.

आपल्या मापांवरून मी १.३५ पट सुचवीन. त्यामुळे नकाशा ५४ इंच बाय साधारण ३५ इंच होईल आणि क्षेत्रफळ १.८ पटींपेक्षा थोडे जास्त वाढेल. ३६ इंची रोलवर तो दोन्ही बाजूंना थोडी कड सोडून एका तुकड्यात छापता येतो आणि आपल्या साडेचार फूट बाय तीन फुटांच्या टेबलावर बरोबर बसतो. १५० डीपीआयला (म्हणजे दर इंचाला १५० ठिपके धरून) त्याची फाइल ८१०० गुणिले ५२५० पिक्सेलची होईल. दोन-तीन फुटांवरून पाहायच्या नकाशाला एवढी स्पष्टता पुरते.

आता जाळीविषयी. मूळ पट हा स्वतःच चार रंगांच्या बारीक ठिपक्यांनी छापलेला असतो. तो स्कॅन करून मोठा केला की ते ठिपकेही मोठे होतात, त्यांवर नव्या यंत्राचे ठिपके बसतात आणि दोन्हींच्या संगमातून ते पट्टे उमटतात. स्कॅनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये हे ठिपके पुसट करण्याची सोय असते, परंतु तिने किनारेही पुसट होतात. माझा सल्ला असा की स्कॅनचा उपयोग केवळ खाली ठेवून गिरवण्यासाठी करावा आणि सीमारेषा इंकस्केपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रेखाव्यात. तशा रेषांचे चित्र कितीही मोठे केले तरी फाटत नाही. या कामाला दोन-तीन आठवड्यांच्या संध्याकाळी जातील, पण पुढे कधी माप बदलावेसे वाटले तर काहीच पुन्हा करावे लागणार नाही. घरच्या खेळासाठी असे रेखाटन करण्यात वावगे नाही. मात्र मूळ नकाशाच्या प्रती काढून विकण्याचे काम आणलेत तर मी ते घेणार नाही, आणि इतरांनीही घेऊ नये.

जोडाक्षरे फुटतात, कारण आपण वापरलेला टंक (फॉन्ट) दुकानातल्या संगणकात नसतो आणि तिथले कोरलड्रॉ हे मांडणीचे सॉफ्टवेअर त्याच्या जागी दुसराच टंक बसवते. यासाठी आमच्याकडे ग्राहकाला नेहमी सांगितले जाते की फाइल 'कर्व्ह करून' द्या. म्हणजे अक्षरांचे रूपांतर आकृत्यांत करा आणि मगच पीडीएफ बनवा. एकदा तसे केले की शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून अक्षरे असलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवावी.

फ्लेक्स घेऊ नये. तो चौकातल्या फलकासाठी ठीक आहे, कारण तिथे माणूस वीस फुटांवरून पाहतो. टेबलावर त्याच्या कडा वर उचलल्या जातात, घडीची वळी कायम राहते आणि नव्या फ्लेक्सला वास येतो. त्याऐवजी विनाइलवर छापून, वर मॅट लॅमिनेशन करून, ते तीन मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या, ताठ फळीवर) चिकटवून घ्यावे. चकाकणारे लॅमिनेशन दुकानदार आपण होऊन सुचवतील, पण त्यात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि आपल्या मित्राला रंग ओळखणे आणखी कठीण जाईल. विनाइल आणि लॅमिनेशनचा भाव चौरस फुटावर असतो, त्यामुळे मोठ्या छपाईआधी एक फुटाचा नमुना काढून पाहणे परवडते. नमुना नेहमी गर्दीच्याच भागाचा काढावा आणि घरी आणून त्यावर सोंगट्या मांडून पाहाव्यात.

लालबागचा साचेकार

नकाशाविषयी मुद्रककाकांनी सांगितले आहे, त्यामुळे मी केवळ सोंगट्यांविषयी लिहितो. माझ्या घरात मूर्तीच्या साच्यांचे काम चालते आणि गणपतीचा हंगाम संपला की मी त्याच पद्धतीने खेळांच्या सोंगट्या ओततो.

आपल्या मित्राची अडचण रंग बदलून पूर्ण सुटणार नाही. निळा आणि पिवळा हे रंग त्याला बहुधा नीट ओळखता येतील, पण पाच राष्ट्रांसाठी पाच सुरक्षित रंग शोधण्यापेक्षा प्रत्येक राष्ट्राच्या सोंगटीची बैठक वेगळ्या आकाराची करणे खात्रीचे आहे. एका राष्ट्राला गोल, दुसऱ्याला चौकोनी, तिसऱ्याला त्रिकोणी, चौथ्याला षट्कोनी आणि पाचव्याला एका बाजूने सपाट कापलेली अर्धगोल बैठक द्यावी. मग रंग हा केवळ दुसरा पुरावा राहतो. बोटांनाही फरक कळतो, वरून पाहतानाही कळतो, आणि त्याला कोणाला काही विचारावे लागत नाही. हे करण्यासाठी नव्या सोंगट्याही घडवाव्या लागत नाहीत. तीन मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकमधून लेझरने असे आकार कापून घ्यावेत आणि आपल्याकडच्याच सोंगट्या त्यांवर चिकटवाव्यात. सनबोर्ड मात्र लेझरवर चुकूनही देऊ नये. ते पीव्हीसी असते आणि जळताना त्यातून विषारी, यंत्रालाही खाणारा वायू निघतो. जाणता लेझरवाला त्याला नकारच देईल. सनबोर्ड कटरनेच कापावा.

तरीही नव्या सोंगट्या घडवायच्याच असतील तर थ्रीडी प्रिंटरवर प्रत्येक सोंगटी काढण्यापेक्षा एक उत्तम नमुना काढून त्याचा साचा करावा. प्लास्टिकची तार वितळवून काम करणारे साधे प्रिंटर साधारण ०.२ मिलिमीटरच्या थरांनी वस्तू बांधतात. दोन सेंटिमीटरच्या सैनिकावर ते थर डोळ्यांना दिसतात आणि बंदुकीची नळी पहिल्याच महिन्यात मोडते. रेझिनचा प्रिंटर यापेक्षा पुष्कळ बारीक काम करतो, परंतु कच्चे रेझिन हाताला लागू देऊ नये, हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि वस्तू अल्कोहोलने धुऊन अतिनील प्रकाशात पक्की केल्याशिवाय कोणाच्या हातात देऊ नये. लहान मुले असलेल्या एका खोलीच्या घरात हे काम करू नये असे माझे ठाम मत आहे; बाहेरून काढून आणावे.

नमुना मिळाल्यावर त्याला बारीक पॉलिश पेपरने घासून, दोन भागांचा सिलिकॉन रबराचा साचा करावा. पहिला भाग ओतताना नमुना अर्धा मातीत रोवतात आणि मातीत बोटाने चार खळगे करतात, म्हणजे साच्याचे दोन्ही भाग पुढे एकमेकांत अचूक बसतात. इथे एक फसगत होते. बाजारातील काही तेलकट मातींत गंधक असते आणि प्लॅटिनम प्रकारचे सिलिकॉन गंधकाला लागले की तिथे ते घट्टच होत नाही, चिकट राहते. माझा पहिला मोठा साचा असाच वाया गेला होता. आता मी आधी नखाएवढ्या तुकड्यावर चाचणी घेतो.

आणखी एक गोष्ट मुंबईसाठी विशेष आहे. चटकन घट्ट होणारे पॉलियुरेथेन रेझिन ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे जून ते सप्टेंबर या काळात ओतलेल्या सोंगट्या आतून फसफसून पावासारख्या सच्छिद्र निघतात. कितीही काळजी घेतली तरी पावसाळ्यात माझ्या शंभरातल्या बऱ्याच सोंगट्या टाकाव्या लागतात. त्या दिवसांत इपॉक्सी घ्यावे. त्याला घट्ट व्हायला एक दिवस लागतो, पण ते फसफसत नाही. घाई नसेल तर ओतकाम दिवाळीनंतर ठेवावे, हे सर्वांत उत्तम. सैनिकांचे आकार आपले आपण रेखावेत. कंपनीच्या सोंगटीचा थेट साचा काढण्यापेक्षा त्यात समाधानही जास्त आहे.

किल्लेप्रेमी, मुलुंड

एक मुद्दा राहिला आहे असे वाटते. नकाशा सगळीकडे सारखाच वाढवला पाहिजे असे नाही.

मी घरच्या मुलांसाठी १६६५ च्या पुरंदरच्या तहावर एक खेळ तयार केला. त्या तहात तेवीस किल्ले मोगलांकडे गेले आणि बारा महाराजांकडे राहिले, म्हणून पस्तीस किल्ल्यांच्या सोंगट्या होत्या. पहिल्यांदा मी खऱ्या भूगोलाचा नकाशा तसाच मोठा केला. सिंहगड, पुरंदर, राजगड आणि तोरणा एकमेकांच्या इतके जवळ आहेत की तिथे बोट ठेवायला जागा उरली नाही आणि कोकणाची अख्खी किनारपट्टी मोकळी पडली. दुसऱ्या खेपेला मी पुण्याच्या दक्षिणेचा मावळ फुगवला, इतर भाग आकसला आणि एकच नियम पाळला : कोणाची सीमा कोणाला लागते हे बदलू द्यायचे नाही. खेळाला अंतराशी देणेघेणे नसते, शेजाराशी असते.

आपल्या पटावर प्रशांत महासागराचे कितीतरी पाणी बहुतेक वेळ रिकामे असते. तिथली जागा कमी करून युरोप रुंद करावा, म्हणजे १.३५ पट कागदातही युरोप जवळजवळ दुप्पट करता येईल. गिरवण्याआधी प्रत्येक प्रदेशाच्या आणि समुद्रखंडाच्या शेजाऱ्यांची यादी वहीत लिहून काढावी आणि नवा नकाशा पूर्ण झाल्यावर ती दुसऱ्याच कोणाकडून तपासून घ्यावी, कारण स्वतः रेखाटलेल्या नकाशातील चूक स्वतःला दिसत नाही. जिथे चार सीमा एका बिंदूपाशी येतात तिथे विशेष सांभाळावे. मिलिमीटरभर रेघ सरकली तरी दोन नवे शेजारी निर्माण होतात आणि मोहिमेचा सगळा मार्ग बदलतो.

जुना खेळाडू, बोरिवली

वरील सर्व सल्ले उपयुक्त आहेत, परंतु मला वाटते की नकाशाला हात न लावताही गर्दी कमी होऊ शकते. युद्धखेळांत जुनी रीत अशी आहे की पटावर केवळ एक क्रमांकाची सोंगटी ठेवायची आणि तिची सगळी फौज पटाबाहेर त्याच क्रमांकाच्या चौकटीत मांडायची. पुठ्ठ्याचे एक तबक, त्यावर बारा चौकटी, एवढेच लागते. पायदळापुरता आणखी एक मार्ग म्हणजे लाकडी ठोकळा. १९७२ सालच्या 'क्वेबेक १७५९' या खेळापासून रूढ झालेल्या पद्धतीत ठोकळ्याच्या चार कडांवर चार संख्या असतात आणि वरच्या बाजूला असेल ती कड त्या तुकडीचे बळ सांगते. एक ठोकळा चार सोंगट्यांचे काम करतो आणि कोसळत नाही. मूळ प्रशियन युद्धखेळातही, म्हणजे १८२४ साली राइस्विट्झ यांनी सिद्ध केलेल्या खेळात, १:८००० प्रमाणाच्या नकाशावर सैनिकांच्या मूर्ती नव्हत्या, तांबडे आणि निळे शिशाचे ठोकळेच होते.

दादरचा खेळगडी

सर्वांचे मनापासून आभार. मुद्रककाकांनी सांगितल्याप्रमाणे मी फौज कोऱ्या कागदावर मांडून पाहिली. युक्रेनमध्ये गेल्या महिन्यात जमलेल्या फौजेला प्रदेशाच्या जवळजवळ तिप्पट जागा लागली. म्हणजे लांबी १.७ पटींहून जास्त वाढवावी लागली असती आणि पट टेबलाबाहेर गेला असता. म्हणून एकूण नकाशा १.३५ पटच ठेवून, महासागर आकसून युरोप फुगवण्याचे ठरवले आहे. शेजाऱ्यांची यादी लिहून झाली असून ती तपासण्याचे काम त्याच मित्राने स्वतःहून मागून घेतले आहे.

बैठकांचे पाच आकार पुठ्ठ्याचे कापून काल एक डाव खेळून पाहिला. मित्राने संपूर्ण डावात एकदाही कोणाला काही विचारले नाही, आणि रशियाकडून खेळताना त्याने असा हल्ला केला की आम्हा चौघांपैकी कोणालाही त्याची चाहूल लागली नाही. ॲक्रिलिकच्या बैठका या आठवड्यात कापून घेतो. ठोकळ्यांचा मार्ग आम्हाला पटला, पण सैनिकांच्या मूर्ती हलवण्यातला आनंद कोणालाच सोडवेना, त्यामुळे क्रमांकाची चौकट केवळ आरमारासाठी वापरू. ओतकाम दिवाळीनंतर.

एकच शंका उरली आहे. साडेचार फुटांचा अखंड सनबोर्ड लोकलमधून आणणे शक्य नाही आणि घरात ठेवायलाही जागा नाही. चार तुकडे करून घडीचा पट करता येईल का? आणि सनबोर्डऐवजी बाइंडरकडचा जाड पुठ्ठा वापरला तर चालेल का?

गिरगावचा मुद्रक

चार तुकडे अवश्य करावेत. प्रत्येक तुकडा २७ इंच बाय साडेसतरा इंच होईल आणि तो मोठ्या पिशवीत बसतो. छेद मात्र मोजून मध्यावरच घेतला पाहिजे असे नाही. तो युरोपातून जात असेल तर दोन-तीन इंच सरकवून समुद्रावर घ्यावा. तुकडे थोडे लहानमोठे झाले तरी बिघडत नाही, पण रणगाडा सांध्यावर उभा राहिला तर तो डगमगतो.

सांधा कापडी पट्टीचा करावा, बाइंडर वहीच्या पाठीला लावतो तसा. पट्टी खालून लावणार असाल आणि छापील बाजू आत घेऊन घडी घालणार असाल, तर दोन तुकड्यांत जाडीच्या दुप्पट म्हणजे सहा मिलिमीटरची फट ठेवावी लागेल, नाहीतर घडी मिटणारच नाही, आणि ती फट नकाशाच्या मधोमध दिसत राहील. पट्टी खालूनच लावून छापील बाजू बाहेर ठेवली तर फट लागत नाही, पण नकाशावर ओरखडे पडतात. म्हणून मी आपल्याला सुचवीन की दोन-दोन तुकडे अशा बाहेरच्या घडीने जोडावेत, दोन्ही जोड्या टेबलावर नुसत्या शेजारी ठेवाव्यात आणि ठेवणीसाठी जुन्या चादरीची खोळ शिवून घ्यावी.

पुठ्ठाही चालतो आणि हाताला तो सनबोर्डपेक्षा चांगला लागतो, पण त्यावर विनाइलऐवजी कागद खळीने चिकटवणार असाल तर एक पथ्य पाळावे. ओला कागद फुगतो आणि वाळताना आकसून पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो, त्यामुळे एकाच बाजूला कागद लावलेला पुठ्ठा मुंबईच्या हवेत पापडासारखा वळतो. मागच्या बाजूलाही त्याच जाडीचा कागद, धागा (म्हणजे कागदातील तंतू) त्याच दिशेला ठेवून लावावा. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहिला की ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्यावरून धाग्याची दिशा कळते. नंतर दोन फळ्यांमध्ये वजनाखाली दोन दिवस दाबून ठेवावे. खळीत कसर लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालतो. ते विषारी आहे, तेव्हा ते भांडे स्वयंपाकघरात परत नेऊ नये. फाइल तयार झाली की कर्व्ह करण्याआधीची प्रत एकदा मला दाखवावी, मी नावांचे शुद्धलेखन पाहून देतो.